इंग्रजी व्याकरणाची तीन मोफत साधनं: गावच्या शाळेत कोणतं कामाला येतं

"ही हॅव ईटन टू रोटीज." मराठी माध्यमातल्या मुलांच्या वहीत हे वाक्य वारंवार दिसतं. त्यावर लाल पेनानं 'हॅज' लिहिलं जातं आणि विषय तिथेच संपतो. पण ही चूक निष्काळजीपणाची नाही. 'त्यानं दोन पोळ्या खाल्ल्या आहेत' हा कर्मणी प्रयोग आहे आणि त्यात क्रियापद पोळ्यांप्रमाणे बदलतं. पोळ्या अनेक, म्हणून 'आहेत'. मूल तोच हिशेब इंग्रजीत लावतं आणि 'हॅव' लिहितं. म्हणजे त्याला मराठी व्याकरण पक्कं येतं, त्यातूनच ही चूक होते. संगणक कक्षातलं साधन ही गोष्ट त्याला चूक झाली त्याच क्षणी, त्याच्या भाषेत सांगू शकतं का, ही या परीक्षणाची पहिली कसोटी.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवलं जातं. दहावीपर्यंत पोचलेल्या मुलाच्या चुका त्यामुळे मुरलेल्या असतात. नियम पुन्हा फळ्यावर लिहून त्या जात नाहीत. नेमक्या त्याच चुकीवर थोडा थोडा, पण वारंवार सराव लागतो.

दुसरी कसोटी आपल्या भागाची, म्हणजे विदर्भातल्या गावांची आहे. आठ-दहा यंत्रं, त्यातली दोन बंद, ४ जीबी रॅम, इंटरनेट म्हणजे कोणाच्या तरी मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि तासिकेच्या मध्येच लाईन जाणार. एकदा बसवल्यावर नेटशिवाय चालतील अशीच साधनं म्हणून निवडली: हॉट पोटॅटोज, लँग्वेजटूल आणि अँटकाँक. तिन्हींना पैसे लागत नाहीत. आधी निकाल सांगतो. मुलांच्या हाती द्यायला हॉट पोटॅटोज, शिक्षकाच्या तयारीला अँटकाँक, आणि लँग्वेजटूल फक्त नववीनंतर, तेही शिक्षक शेजारी असताना.

हॉट पोटॅटोज

हे कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात भाषाशिक्षणासाठी तयार झालेलं जुनं सॉफ्टवेअर आहे. २००९ पासून ते पूर्ण मोफत आहे. दिसायला अगदी साधं, त्यामुळे अनेक जण पाहताच सोडून देतात. तसं करू नका. शिक्षक त्यात स्वतःची वाक्यं, स्वतःचे पर्याय आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला स्वतःचा शेरा घालतो. त्यातून एक एचटीएमएल पान तयार होतं. ते पेनड्राइव्हनं कोणत्याही यंत्रावर टाका, ब्राउझरमध्ये उघडतं. नुसत्या मजकुराची फाइल इतकी हलकी असते की वर्षभराचा सराव जुन्यातल्या जुन्या पेनड्राइव्हवर मावतो. मुलांच्या यंत्रांवर सॉफ्टवेअर बसवावंच लागत नाही, ते फक्त शिक्षकाच्या यंत्रावर हवं.

यातले तीन भाग व्याकरणाला लागतात: जेक्विझ, जेक्लोझ आणि जेमिक्स. जोड्या लावण्याचा जेमॅच आणि शब्दकोड्याचा जेक्रॉस हे शब्दसंपत्तीसाठी ठीक आहेत, व्याकरणाला त्यांचा फारसा उपयोग नाही.

सगळ्यात मोलाचा जेक्विझ. प्रश्न लिहा, चार पर्याय द्या, बरोबर पर्यायावर खूण करा. प्रत्येक पर्यायासमोर 'फीडबॅक' नावाची चौकट असते. बहुतेक तयार सरावांत ती रिकामी असते किंवा तिथे 'राँग' एवढंच लिहिलेलं असतं. खरं शिकवणं याच चौकटीत होतं. वरच्या पोळ्यांच्या प्रश्नात 'हॅव ईटन' निवडणाऱ्याला असा शेरा द्या: 'मराठीत इथं क्रियापद पोळ्यांकडे पाहतं. इंग्रजीत ते कर्त्याकडेच पाहतं. खाणारे किती?' उत्तर सांगायचं नाही, फक्त मान योग्य दिशेला वळवायची. 'इज ईटन' निवडलं तर शेरा वेगळा: 'याचा अर्थ त्यालाच कोणीतरी खातं असा होतो.' वर्ग हसतो आणि तो पर्याय पुन्हा कोणी निवडत नाही.

शेरा बोलीत लिहिता येणं ही या साधनाची खरी ताकद. प्रमाण मराठीत 'तो जातो, ती जाते' अशी दोन रूपं आहेत. वऱ्हाडीत 'तो जाते, ती जाते' असं एकच रूप चालतं. इंग्रजीतही ही, शी, इट तिघांना 'गोज' हे एकच रूप. म्हणजे वऱ्हाडी बोलणाऱ्या पोराकडे ही चौकट आधीच तयार आहे. त्याला फक्त आठवण करून द्यायची की 'जाते' म्हटलं की 'गोज'. चालू काळाचंही तसंच. 'मी शाळेत जाऊन राहिलो' म्हणजे सरळ 'आय ॲम गोइंग'. आणि 'मले माहीत होऊन राहिलं' असं कोणी म्हणत नाही, म्हणून 'आय ॲम नोइंग' नाही, 'आय नो'. मात्र ही कसोटी सगळीकडे चालत नाही, हे शिक्षकानं आधीच ध्यानात ठेवावं. 'मले दिसून राहिलं' आणि 'मले समजून राहिलं' आपण रोज म्हणतो, आणि त्यामुळे 'आय ॲम सीइंग', 'आय ॲम अंडरस्टँडिंग' वहीत येतं. या दोन क्रियापदांसाठी वेगळे चार-पाच प्रश्न करा. त्यांच्या शेऱ्यात 'इथं बोलीचा हिशेब चालत नाही' असं स्पष्ट लिहा.

मेळघाटातल्या कोरकू किंवा गडचिरोलीतल्या गोंडी मुलांसाठी तर मराठीच दुसरी भाषा आहे. तिथे मराठीवरून इंग्रजीला नेणारे हे शेरे जसेच्या तसे उचलू नयेत. शेऱ्याच्या चौकटीत देवनागरीत लिहिता येईल ती कोणतीही भाषा मावते. गावातल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवून तिथल्या बोलीत लिहा.

जेक्विझमध्ये एक पळवाट आहे. चार पर्याय असले की पोट्टे चारही दाबून पाहतात, शेवटी बरोबर येतंच. म्हणून शेवटच्या टक्केवारीवर जाऊ नका. सराव संपल्यावर पहिल्याच प्रयत्नात किती प्रश्न बरोबर आले तेही दाखवता येतं. नोंद त्या आकड्याची करा. प्रश्नांचा क्रम दर वेळी बदलण्याची आणि वीसपैकी दहाच दाखवण्याची सोयही आहे. शेजारच्या यंत्रावरचं पाहून दाबणं त्यानं बरंच कमी होतं.

जेक्लोझ म्हणजे गाळलेल्या जागा. उतारा चिकटवायचा, शब्द निवडून 'गॅप' दाबायचं, हवी तर सूचना आणि चालणारी इतर उत्तरं भरायची. यात 'ऑटोगॅप' नावाची दर पाचवा किंवा सातवा शब्द आपोआप गाळणारी सोय आहे. व्याकरणासाठी ती वापरू नका. तिनं कधी क्रियापद गळतं, कधी गावाचं नाव, आणि मूल व्याकरणाचा विचार न करता अंदाज बांधायला लागतं. एका उताऱ्यात एकच मुद्दा घ्या, दहा ते बारा जागा पुरे. त्यापेक्षा जास्त केल्या तर ३५ मिनिटांच्या तासिकेत शेरे वाचायला वेळच उरत नाही.

उपपदांसाठी, म्हणजे 'अ', 'ॲन' आणि 'द' साठी, जेक्लोझला तोड नाही. मराठीत उपपदं नाहीत. इंग्रजीत मात्र १९६१ साली छापलेल्या मजकुरातून जमवलेल्या दहा लाख शब्दांच्या ब्राऊन संग्रहात एकटा 'द' जवळजवळ ७ टक्के आहे. म्हणजे साधारण दर चौदा शब्दांमागे एकदा मुलासमोर असा शब्द येतो, ज्याला त्याच्या भाषेत जोडीदारच नाही. उतारा ओळखीचा घ्या: काकांची वरुडला संत्र्याची बाग आहे, त्या बागेत दोनशे झाडं आहेत, त्या झाडांना पाणी द्यायला एक विहीर आहे, विहीर जुनी आहे. पहिल्या वेळी 'ॲन ऑरेंज ऑर्चर्ड', दुसऱ्या वेळी 'द ऑर्चर्ड'. आधी 'अ वेल', मग 'द वेल'. पहिल्यांदा आली ती कोणतीतरी, दुसऱ्यांदा आली ती आपल्या ओळखीची. हा फरक सुट्या वाक्यांत शिकवताच येत नाही, सलग उतारा लागतो.

यात एक अडचण येते. जिथे उपपद लागतच नाही, तिथे काय भरायचं? रिकामी चौकट हे बरोबर उत्तर धरलं जात नाही, ती अपुरी जागा समजली जाते. म्हणून उतारा लिहितानाच त्या ठिकाणी 'एक्स' अक्षर टाका, ते निवडून गॅप करा, आणि वर सूचनेत लिहा: 'काही लागत नसेल तर एक्स लिहा.' टायपिंग कच्चं असेल तर चौकटीऐवजी खाली उघडणारी यादी ठेवता येते. पाचवी ते सातवीला यादीच बरी, कारण नाहीतर सराव व्याकरणाचा न राहता कळफलकाचा होतो.

आणखी एक काळजी. 'डझन्ट' गाळलं असेल तर 'डझ नॉट' हेही चालणारं उत्तर म्हणून भरा. उतारा वर्डमधून चिकटवला तर त्यातलं वरचं चिन्ह (ॲपॉस्ट्रॉफी) वाकडं येतं, मुलांच्या कळफलकावर ते सरळ उमटतं. चिकटवल्यावर ही चिन्हं सरळ करून घ्या आणि स्वतः एकदा उत्तर टाइप करून तपासा. बरोबर उत्तराला यंत्रानं एकदा जरी चूक म्हटलं, तरी मुलाचा त्यावरचा विश्वास जातो.

जेमिक्स वाक्यातले शब्द विस्कटून देतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून 'आय मँगो ईट' लिहिणाऱ्या पाचवी-सहावीसाठी हा उत्तम. तुकडे पाच ते आठ ठेवा. पहिल्या शब्दाचं मोठं अक्षर पाहूनच मुलं सुरुवात ओळखतात. तो शब्द छोट्या अक्षरात द्या, उत्तरात पहिलं अक्षर आपोआप मोठं करण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. 'इन द मॉर्निंग' वाक्याच्या सुरुवातीलाही चालतं आणि शेवटीही, तेव्हा दोन्ही वाक्यं चालणारी म्हणून नोंदवा. हे विसरलं तर बरोबर वाक्य लिहिणारं मूल चूक ठरतं.

आता उणिवा. गुण कुठेच साठत नाहीत, पान बंद झालं की गेले. संकेत मागायचं बटण दाबलं की एकेक अक्षर फुकट मिळतं. गुण कमी होतात खरं, पण मुलांना त्याची फिकीर नसते. ते बटण सेटिंगमधून काढून टाका, उत्तर दाखवायचंही काढा. आणि तयार झालेलं एचटीएमएल पान पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये उघडून दुरुस्त करता येत नाही. मूळ फाइल वेगळी जपावी लागते. जेक्विझची मूळ फाइल जेक्यूझेड नावाच्या शेपटीची, जेक्लोझची जेसीएल. ती हरवली तर सगळा सराव पुन्हा टाइप करायची पाळी येते.

बटणांवरचे इंग्रजी शब्द मात्र बदलता येतात. 'कॉन्फिगर आउटपुट'मध्ये जाऊन 'चेक'च्या जागी 'तपासा', 'करेक्ट'च्या जागी 'बरोबर' लिहा आणि ती मांडणी वेगळ्या फाइलमध्ये साठवा. पुढच्या प्रत्येक सरावाला तीच लावायची. पहिल्यांदा अर्धा तास जातो, नंतर काही नाही.

लँग्वेजटूल

लिहिलेल्या मजकुरातल्या चुका दाखवणारं हे मुक्त सॉफ्टवेअर. डॅनिएल नाबर यांनी २००३ च्या सुमारास ते सुरू केलं. झिप फाइल उतरवून जावा या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आधारे ते आपल्याच यंत्रावर चालवता येतं. सर्व्हर म्हणून, म्हणजे बाकी यंत्रांना सेवा पुरवणारं म्हणून, सुरू केलं तर नेहमी ८०८१ हा पोर्ट (जोडणीचा क्रमांक) वापरतं आणि लिब्रेऑफिस या वर्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरला जोडता येतं. त्यामुळे एका बऱ्या यंत्रावर सर्व्हर ठेवून कक्षातल्या बाकी यंत्रांना तारेनं ते पुरवता येईल. ४ जीबीच्या प्रत्येक यंत्रावर जावा आणि लिब्रेऑफिस दोन्ही चालवायला गेलात तर यंत्रं रांगायला लागतात.

'ही गो', 'शी डोन्ट', 'अ ॲपल' असल्या चुका ते पकडतं. दिसायला बरोबर पण जागा चुकलेले शब्द, म्हणजे 'देअर'ची दोन स्पेलिंगं वगैरे, नीट पकडायची असतील तर शब्दसमूहांचा वेगळा संच लागतो. इंग्रजीचा तो संच दाबलेल्या स्वरूपातच सुमारे ८ जीबीचा आहे आणि त्याला एसएसडी डिस्क हवी. हॉटस्पॉटवर तो उतरवायचा विचार सोडा.

खरी मर्यादा वेगळीच आहे. 'वी हॅव अ बुलक. अ बुलक इज व्हाइट.' या दोन वाक्यांत सुटं असं प्रत्येक वाक्य बरोबर आहे. चूक दोन वाक्यांच्या नात्यात आहे, दुसऱ्या ठिकाणी 'द बुलक' हवं. नियमांवर चालणारा तपासनीस वाक्य पाहतो, आपला बैल त्याला माहीत नसतो. मूल समजतं की लाल-निळी रेघ नाही, म्हणजे सगळं बरोबर. आणि जिथे रेघ येते तिथे एका क्लिकवर दुरुस्ती तयार असते. मूल क्लिक करतं, वाक्य सुधारतं, मूल आहे तिथेच राहतं. म्हणून वापरताना एक शिस्त पाळा: क्लिक करायचं नाही, चूक कोणती ते वहीत लिहायचं आणि मग स्वतः टाइप करायचं.

त्यात एक दडलेली सोय आहे, थोडं तांत्रिक हात असलेल्या शिक्षकानं ती जरूर वापरावी. नियम ग्रामर डॉट एक्सएमएल नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात आणि आपले नियम तिथे घालता येतात. 'डिस्कस अबाउट', 'रिटर्न बॅक', 'कोप अप विथ' या आपल्याकडच्या ठरावीक चुका. नियमात आधी शब्दांचा क्रम, मग संदेश, मग चुकीचं-बरोबर उदाहरण लिहायचं. 'डिस्कस'ची सगळी रूपं धरण्यासाठी त्या शब्दाला रूपबदलाची खूण लावावी लागते, नाहीतर 'डिस्कस्ड अबाउट' निसटतं. संदेश मराठीत लिहा: '"विषयी" हे "डिस्कस"च्या पोटातच आहे, वेगळं नको.' मूळ फाइलची प्रत आधी बाजूला काढा. एक कंस चुकला तरी इंग्रजीचे नियम वाचले जाण्यात खोडा येतो.

अँटकाँक

एखादा शब्द मजकुरात कुठे कुठे आला ते शोधून दाखवणारं, जपानमधल्या वासेदा विद्यापीठातले लॉरेन्स अँथनी यांचं हे सॉफ्टवेअर मुलांसाठी बनवलेलं नाही, संशोधकांसाठी आहे. तरी गावातल्या शिक्षकाला ते फार उपयोगी पडतं, कारण त्याचा शेवट छापील कागदावर होतो आणि कागदाला लाईन लागत नाही.

काम साधं. बालभारतीची इंग्रजी पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. ती त्याच लेखकाच्या अँटफाइलकन्व्हर्टरनं साध्या मजकुरात बदला. ओळी तुटलेल्या असतील, पानांचे क्रमांक मध्ये आलेले असतील, तेवढं हातानं साफ करा. फाइल साठवताना अक्षरांची सांकेतिक पद्धत (एन्कोडिंग) यूटीएफ-८ ठेवा. मग अँटकाँकमध्ये उघडून 'सिन्स' शोधा. तो शब्द जिथे जिथे आला ती प्रत्येक ओळ, शब्द मधोमध, एकाखाली एक दिसते. क्रम उजवीकडच्या पहिल्या शब्दावर लावला की सारखी वाक्यं एकत्र येतात. मग 'फॉर' शोधा. दोन्हींच्या दहा-बारा ओळी निवडून एका पानावर छापा आणि मुलांना विचारा: 'सिन्स'नंतर काय काय आलं? सोमवार, सकाळ, एखादं साल. 'फॉर'नंतर? दोन दिवस, तीन तास. नियम मुलं स्वतः सांगतात. बर्मिंगहॅम विद्यापीठातले टिम जॉन्स यांनी याच पद्धतीचा आयुष्यभर पाठपुरावा केला: शिकणाऱ्यानं संशोधक व्हायचं आणि नियम पुराव्यातून काढायचा.

एकाच इयत्तेचं पुस्तक पुरत नाही, 'सिन्स'सारखा शब्द त्यात मोजकाच सापडतो. पाचवी ते दहावी सगळी एकत्र घाला. 'सिन्स'चा दुसरा अर्थ 'कारण' असा आहे, त्या ओळी पहिल्या दिवशी वगळा. '*' चिन्ह वापरून 'इज *इंग' असंही शोधता येतं, पण त्यात 'इज नथिंग', 'इज किंग' असला कचराही येतो, तो वेचून काढा. जुन्या यंत्रांवर अँटकाँकची ३.५ मालिकेतली एकच एक्झी फाइल चालते, बसवावी लागत नाही.

बाकीचं थोडक्यात. ड्युओलिंगोवर हिंदीतून इंग्रजी शिकता येतं, पण तिथला क्रम आपल्या पाठ्यक्रमाशी जुळत नाही. गूगल फॉर्ममध्ये गुण साठतात आणि उत्तरानुसार शेराही देता येतो, पण भरताना नेट हवं. एआयच्या चॅटकडून वीस वाक्यं चटकन मिळतात, शिक्षकाच्या तयारीला ठीक. मात्र प्रत्येक वाक्य वाचूनच सरावात घ्या आणि मराठी शेरे स्वतःच लिहा. कोणत्या गावच्या पोरानं कोणत्या बोलीतून ती चूक केली, हे शिक्षकालाच ठाऊक असतं.

तासिकेची मांडणी अशी ठेवा. एका यंत्रावर दोघं, तीन नकोत. तिसरा खिडकीबाहेर पाहत बसतो. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं दाबायचं, पाच प्रश्नांनंतर जागा बदलायची. लाईन गेली की पानावरचे गुण जातात, म्हणून दर पाच प्रश्नांनंतर वहीत तीन रकाने भरायचे: सरावाचं नाव, पहिल्या प्रयत्नात बरोबर किती, आणि चुकलेला शब्द. मार्चनंतर सकाळची शाळा लागली की पहिल्याच तासिकेला कक्ष घ्या, नंतर उकाड्यात यंत्रंही तापतात आणि मुलंही. शनिवारी तिसऱ्या रकान्यातले शब्द गोळा करा. ज्या चुका पाचपेक्षा जास्त वह्यांत दिसतात त्यांचेच दहा प्रश्न सोमवारच्या जेक्विझमध्ये घाला, आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायासमोरची ती चौकट रिकामी ठेवू नका.